तारांतोपुढची खूण

याद्या करायला मला बाबांनी शिकवलं. ते बोटीवर इंजिनिअर होते. सुट्टीवर रत्नागिरीला आले की शर्टाच्या खिशात एक छोटी वही असायची. विहिरीचा पंप, आईच्या चष्म्याची काडी, मागच्या दाराची कडी, असं एकाखाली एक लिहिलेलं. काम झालं की त्यापुढे बरोबरची खूण. मी दुसरीत असताना त्यांनी मला तशीच एक वही दिली आणि एकच नियम सांगितला.

"हात लावल्याशिवाय खूण नाही."

इंजिन रूममध्ये व्हॉल्व्ह बंद दिसतो म्हणून तो बंद असतोच असं नाही. जवळ जायचं, हात लावायचा, फिरवून बघायचा, मग खूण. त्यांच्या एका बोटीवर कुणीतरी लांबून बघून खूण केली होती आणि तळात गुडघाभर पाणी शिरलं होतं. ही गोष्ट आम्ही भावंडांनी इतक्यांदा ऐकली होती की धाकटा भाऊ जेवताना "हात धुतलेस का?" या प्रश्नाला "हात लावून बघा" असं उत्तर द्यायचा आणि धपाटा खायचा.

मी ते शिक्षण फार मनावर घेतलं. आज पन्नाशीच्या आसपास आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळाला लागून असलेल्या बाडहूव्हडॉर्पमध्ये राहते. विमानातून जाणाऱ्या मालाचं नियोजन हे माझं काम, म्हणजे दिवसभर याद्याच. घरात फ्रिजवर एक कायमची यादी असते. नवरा म्हणतो, "हिच्या यादीत नसेल तर आमच्याकडे रविवारही येत नाही." त्याला हसायला काय जातं? डबे, फॉर्म, दाताच्या डॉक्टरची वेळ, सायकलचं पंक्चर, सगळं वेळेवर होतं ते कुणामुळे, हे त्याला माहीत आहे.

आई गेल्यानंतर दोन वर्षांनी, दोन हजार वीसच्या जानेवारीच्या अगदी शेवटी, बाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले. वय शहात्तर, तब्येत ठणठणीत. मी त्यांची बॅग उघडून कपडे कपाटात लावत होते. तळाशी, जुन्या धोतरात गुंडाळलेला एक कोट निघाला. जाड लोकरीचा, गडद निळा, शिंगाची बटणं. डांबराच्या गोळ्यांचा इतका वास की खिडकी उघडावी लागली.

"बाबा, हा कशाला आणलात? मी तुमच्यासाठी नवीन जाकीट घेऊन ठेवलंय. पावसातही चालतं."

"हा घालायला नाही आणला," बाबा म्हणाले. "परत करायला आणलाय."

मग चहा घेताना त्यांनी सगळं सांगितलं. तुकडे आम्हाला माहीत होते. सलग कधी ऐकलं नव्हतं.

मी आईच्या पोटात होते त्या हिवाळ्यातली गोष्ट. बाबांची बोट मार्मागोव्याहून लोखंडाची कच्ची माती भरून इटलीच्या दक्षिणेला तारांतोला गेली होती. ग्रीकांनी अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी वसवलेलं बंदर, आणि त्याच्या शेजारी तेव्हा नुकताच उभा राहिलेला पोलादाचा प्रचंड कारखाना. माल उतरत असताना बाबांचं अपेंडिक्स फुटलं. त्यांना हॉस्पिटलात ठेवून बोट निघून गेली. हॉस्पिटलातून सोडल्यावर, पुढची सोय होईपर्यंत, बोटीच्या एजंटने त्यांना जुन्या गावातल्या एका विधवा बाईच्या घरी ठेवलं. जुनं गाव म्हणजे दोन समुद्रांमधलं छोटं बेट. बाई शिनाणे सोलून बाजारात विकायची. शिनाणे, ते काळ्या शिंपल्यातले, आमच्या किनाऱ्यावरच्या खडपांवर मिळतात तसेच. बाबांनी ते बघितले आणि त्यांना घर सापडल्यासारखं वाटलं. बाई त्यांना त्याचं पातळ कालवण पाजायची. भाषा एकमेकांची कळत नव्हती. बाबा तिला 'सिन्योरा' म्हणायचे, ती त्यांना 'इंडियानो'. पाच आठवडे याच दोन नावांवर निघाले.

बाबांकडे गरम कपडे नव्हते. जिन्याच्या तळाशी भिंतीत एक लोखंडी खुंटी होती आणि तिच्यावर तिच्या नवऱ्याचा कोट टांगलेला असायचा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक दिवस तिने तो काढून बाबांच्या अंगावर घातला. फक्त बाहेर जाताना. परत आलं की पुन्हा खुंटीवर.

"आणि एक दिवस सकाळी एजंट आला. म्हणाला, बोट जेनोव्याला लागलीय, अर्ध्या तासात गाडी आहे. सिन्योरा बाजारात. मी निघालो तो कोट घालूनच. रेल्वेत बसल्यावर लक्षात आलं." बाबांनी कप खाली ठेवला. "एजंटकडे पत्र दिलं होतं. पोचलं की नाही कोण जाणे. नंतर आमच्या कंपनीची बोट त्या बंदरात कधी गेलीच नाही."

"पण बाबा, ती बाई आता..."

"नसेल. मला हिशेब येतो. तेव्हाच ती साठीची होती. पण खुंटी असेल. जिथून काढला तिथे अडकवायचा, एवढंच."

इंजिन रूममध्ये हत्यारांचा एक फळा असतो. प्रत्येक पान्याची, हातोडीची आकृती त्यावर रंगवलेली. हत्यार जागेवर नसेल तर रिकामी आकृती दिसते. बाबा म्हणायचे, रिकामी आकृती असताना झोपायला जायचं नाही. आमच्या घरातही पक्कड आणि करवतीच्या आकृत्या भिंतीवर काढलेल्या होत्या. म्हणून मला त्यांचं म्हणणं लगेच कळलं. कळलं हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते न कळून केलं असं मला म्हणता येत नाही.

मी त्याच दिवशी यादी केली. 'बाबा — युरोप'. पॅरिस, स्वित्झर्लंडची रेल्वे, ट्यूलिपच्या बागा, ब्रसेल्स, कानांची तपासणी, चष्मा. तारांतो सगळ्यात शेवटी, एप्रिलच्या अखेरीस. कारणं बरोबर होती. तारांतोजवळच्या बारीला जाणारी सोयीची विमानं उन्हाळ्याच्या वेळापत्रकात सुरू होतात. हवा चांगली असते. आणि माझी लहानपणापासूनची सवय अशी की आधी कामं, मग आवडीचं. ताटातलं गोडसुद्धा मी शेवटी खाते.

"आधी तिथे जाऊन येऊ या का?" बाबांनी एकदा विचारलं होतं. "फेब्रुवारीत?"

"फेब्रुवारीत काय आहे तिथे, बाबा? थंडी आणि कारखाना. एप्रिलमध्ये छान होईल."

"बरं," बाबा म्हणाले.

फेब्रुवारीत आम्ही पॅरिसला गेलो. बाबांनी मनोरा बघितला, त्याचे खिळे बघितले, "रिव्हेटचं काम चांगलं आहे" म्हणाले आणि बाकावर बसून राहिले. मी खूण केली. त्यानंतर तीन आठवड्यांत सगळं बंद झालं.

तो मार्च ज्यांनी इथे काढला त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या घरावरून दर दोन मिनिटांनी जाणारी विमानं थांबली. धावपट्टीवर विमानं एकामागे एक उभी करून ठेवली होती, टोलनाक्यावर ट्रक लागतात तशी. प्रवासी विमानं थांबली तरी माझं काम थांबलं नाही, उलट वाढलं. मास्क, हातमोजे, औषधं, सगळ्या जगाला सगळं कालच हवं होतं. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून सकाळी सातला बसायची. नवरा वरच्या खोलीत. मुलगी चौदा वर्षांची, तिची शाळा पलंगावर. बाबा दिवाणखान्यात, खिडकीशी.

ते आम्हाला अडचण होऊ नये म्हणून फार जपायचे. माझी मीटिंग चालू असली की नळही बारीक सोडायचे. सकाळी व्यायाम, मग मुलीला गणित. ती डच किंवा इंग्रजीत उत्तर द्यायची, ते मराठीत विचारायचे, आणि गणित सुटायचं. दुपारी माझ्या संपलेल्या याद्यांचे कागद घेऊन त्यांच्या पाठीवर तारांतोचे नकाशे काढायचे. पुढच्या बाजूला 'यीस्ट, साबण, पॅरासिटामॉल' आणि मागे दोन समुद्र, मधलं बेट, बोटींसाठी उघडणारा पूल. एका पडक्या इमारतीच्या अंगणात अर्धा झाकलेला ग्रीक खांब. तिथून तिसरी गल्ली. भिंतीतली लोखंडी गोल कडी. उतार. दार. दाराच्या आत एक ठिपका. तो ठिपका म्हणजे खुंटी.

"आजोबा, हे स्केलमध्ये नाहीये," मुलगी म्हणाली.

"पावलांत आहे. माझी पावलं, सत्तावीस वर्षांची. तुझी मोजून बघ."

दर रविवारी कोट गॅलरीतल्या दांड्यावर टांगून ते ब्रशने साफ करायचे. बटणांना खोबरेल तेलाचा हात लावायचे. एकदा मी कपडे वाळत घालायला गेले तर म्हणाले, "सिन्योरा आधी दोरी ओल्या फडक्याने पुसायची. मग कपडे. मी विचारलं, का गं बाई? तिने फडकं दाखवलं. लाल. तो लाल रंग मी ओळखला, बाय. आमच्या डेकवर असायचा तोच. मार्मागोव्याची माती." ब्रश झटकून म्हणाले, "आम्ही न्यायचो आणि ती पुसायची."

"बाबा, जरा सरका, मला दहाला कॉल आहे," मी म्हटलं.

एप्रिलच्या शेवटी, ज्या आठवड्यात आम्ही तारांतोला असायला हवे होतो त्या आठवड्यात, मी एक दिवस सुट्टी काढून त्यांना गाडीने वाइक-आन-झेला नेलं. तिथेही समुद्राला लागूनच पोलादाचा कारखाना आहे. वाळूवरून कारखान्याच्या चिमण्या दिसतात. इथे आल्यापासून बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा तो कोट अंगावर घातला. समुद्राकडे पाठ करून ते चिमण्यांकडे बघत उभे राहिले. बटणं लागत नव्हती. कोट सत्तावीस वर्षांच्या माणसाला बसलेला होता.

"तारांतोला असंच," ते म्हणाले. "एका बाजूला धूर, एका बाजूला शिनाणे."

"बघा! म्हणजे इथेच झालं की आपलं तारांतो." मी गंमत केली.

"इथे खुंटी नाही," बाबा म्हणाले.

आता मे महिन्यातला तो रविवार. व्हिसा वाढवून मिळाला होता, भारतात जाणारी विमानं बंद होती, आणि 'बाबा — युरोप' ही यादी फ्रिजवर अर्धवट लटकत होती. अर्धवट यादी मला सहन होत नाही. त्या काळात तर अजिबात होत नव्हती. बाहेरचं काहीच हातात नव्हतं, निदान कागद तरी पूर्ण व्हावा असं वाटायचं. मी ठरवलं की बाबांना तारांतो दाखवायचं. नकाशांच्या संकेतस्थळावर रस्त्यांचे फोटो असतात, बाण दाबत पुढे जाता येतं. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला, सगळ्यांना बारा वाजता सोफ्यावर बसवलं. बाबांच्या नकाशावरून मार्ग आधीच आखून ठेवला होता. काम नीटच करायचं.

उघडणारा पूल आला. किल्ला आला. बंदराची कडा, मासळीच्या बोटी. बाबा पुढे सरकून बसले. "हां. हां. इथे पाण्याचा नळ होता. नाही? गेला." ग्रीक खांब आले, तर ते दोन होते आणि उघड्यावर. बाबांना ती जागा ओळखायला वेळ लागला. मग गल्ल्यांची तोंडं. पहिली, दुसरी, तिसरी.

"आत ने," बाबा म्हणाले.

"आत जात नाही, बाबा. फोटो काढणारी गाडी गल्लीत शिरत नाही ना. इथपर्यंतच आहे."

ते उठले, टीव्हीपाशी गेले आणि गल्लीच्या काळ्या तोंडावर त्यांनी पंजा ठेवला.

"बाबा, स्क्रीनवर डाग पडतील."

त्यांनी हात काढला. "हो, हो," म्हणाले. खिशातला रुमाल काढून स्क्रीन पुसली. मग सोफ्यावर येऊन बसले. साडेबाराला माझा एक तातडीचा कॉल होता, रविवार असूनही. मी उरलेलं पटापट दाखवलं, कारखाना, दुसरा समुद्र, स्टेशन, आणि उठले. जाताजाता फ्रिजवरच्या यादीत तारांतोपुढे खूण केली.

मुलगी पाणी प्यायला मागोमाग आली होती. "आई, तू टिक केलंस? पण आपण गेलोच नाही."

"सध्या एवढंच शक्य आहे. नंतरचं नंतर बघू."

"मग ते ओपन ठेव ना."

"तू आधी तुझी खोली आवर," मी म्हटलं.

बाबा तिच्या मागे उभे होते. त्यांनी चष्मा लावला, यादी वाचली, वरून खालपर्यंत. चष्मा काढून खिशात ठेवला. त्यांनी काही म्हटलं असतं तर मी वाद घातला असता, आणि वादात काहीतरी हाती लागलं असतं. ते पुन्हा खिडकीशी जाऊन बसले. मला वाटलं, आवडलेलं दिसतंय.

त्यानंतर नकाशे थांबले. कोट रविवारी गॅलरीत यायचा थांबला. मला ते दिसलं नाही असं नाही. दांडा मोकळा मिळतो म्हणून मी रविवारी चादरी धुवायला लागले.

जुलैत गोष्टी थोड्या सैल झाल्या. युरोपातल्या सीमा उघडल्या, इटलीला विमानं जायला लागली. त्याच आठवड्यात भारत सरकारने सोडलेल्या खास विमानात बाबांना जागा मिळाली. मी कागदावर दोन रकाने केले. एका बाजूला: आत्ताची जागा घ्यायची. दुसऱ्या बाजूला: ती सोडायची, आधी तारांतो, मग पुढच्या विमानाची वाट बघायची. इमिग्रेशनच्या ऑफिसला फोन केला. त्यांचा वाढवलेला मुक्काम फक्त याच देशापुरता होता. इटलीला जायचं तर वेगळा अर्ज, दोन-तीन आठवडे लागतील, मिळेलही, असं पलीकडची बाई म्हणाली. मिळेलही. मी असले अर्ज रोज दहा करते.

मी बाबांना विचारलं. विचारलं म्हणजे काय, हातात चहाचा कप आणि पायात बूट घालता घालता विचारलं. "बाबा, तारांतोचं काय करायचं? अर्ज करून बघू का? की आता जागा मिळतेय तर..."

"तारांतो झालं ना," बाबा म्हणाले. "तू खूण केलीस."

ते रागाने म्हणाले नाहीत. टोमणाही नव्हता; बाबांना टोमणे येत नाहीत. बोटीवर ज्याची पाळी होती त्याने खूण केली असेल तर दुसऱ्याने ते काम पुन्हा उघडायचं नाही, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते. सुटल्यासारखं वाटलं. एक काम कमी झालं. मी "ठीक आहे मग" म्हटलं आणि तिकिटाची जागा पक्की केली.

विमानतळ आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. मास्क, चेहऱ्यावर प्लास्टिकची पट्टी, सॅनिटायझर, खाण्याचा डबा, औषधं, कागदपत्रांच्या तीन प्रती. एकही वस्तू राहिली नाही. घरी परत आल्यावर दारामागच्या खुंटीवर कोट दिसला. मी दुसऱ्या दिवशी फोन केला, "बाबा, कोट विसरलात."

"विसरलो नाही. खुंटीवर ठेवलाय. असू दे तिथे."

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, बाबांना कोविड झाला. धाकटा भाऊ रत्नागिरीत त्यांच्याजवळ होता. ऑक्सिजनचा सिलिंडर त्याने कसा मिळवला हे तो अजून नीट सांगत नाही. मी इथून याद्या पाठवत होते: कोणती तपासणी, कोणतं औषध, किती वाजता. तो एकदा ओरडला, "ताई, बास! इथे वाचायलाही वेळ नाहीये." त्याचं बरोबर होतं. बाबा वाचले. फुप्फुसं मात्र पहिल्यासारखी झाली नाहीत. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र आलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, विमानप्रवास आता नाही.

ते कळलं त्या दिवशी मी माझी जुनी वही काढली. फ्रिजवरून उतरलेल्या याद्या मी वहीत चिकटवून ठेवते. त्यात ती होती. तारांतो, आणि पुढे खूण. निळ्या शाईची, शेपूट लांब ओढलेली, घाईची. मी ती बराच वेळ बघत बसले. पन्नास वर्षं एक माणूस एक कोट डांबराच्या गोळ्यांत सांभाळतो, नियम शिकवतो तो त्यानेच, आणि त्याचीच मुलगी लांबून बघून खूण करते. पाणी शिरलेलं मला एक वर्ष दिसलं नाही.

त्या ऑक्टोबरात, शाळेच्या सुट्टीत, मुलीला घेऊन मी तारांतोला गेले. फोनमध्ये लसीचे क्यूआर कोड, बॅगेत कोट आणि बाबांचा नकाशा. हवा उबदार होती. मुलीने कोट हातावर घेतला. तो बॅगेत चुरगळतो म्हणाली.

जुन्या गावात ग्रीक खांबांपाशी उभं राहून आम्ही नकाशा उलगडला. पाठीमागे यीस्ट, साबण, पॅरासिटामॉल. ज्या इमारतीच्या अंगणात बाबांनी खांब काढला होता ती इमारतच आता नव्हती, त्यामुळे पावलं कुठून मोजायची ते कळेना. मुलगी तीनदा मोजत गेली. तिसऱ्या वेळी एका गल्लीत भिंतीतली लोखंडी कडी सापडली, गंजून बारीक झालेली. उतार होता. उताराखाली दोन दारं होती. एक घर राहतं होतं. दुसऱ्या घराचं दार सिमेंटच्या विटांनी बंद केलेलं होतं.

वरच्या बाल्कनीतून एक म्हातारी आमच्याकडे बघत होती. मुलीने फोनमधल्या भाषांतरातून विचारलं. म्हातारीने वरूनच मोठमोठ्याने सांगितलं: ते घर कधीचं रिकामं, छप्पर पडलं, नगरपालिकेने बंद केलं. शिनाणे सोलणारी बाई? ती हसली. या गल्लीत प्रत्येक घरात शिनाणे सोलणारी बाई होती. नाव काय तिचं?

आमच्याकडे नाव नव्हतं. "सिन्योरा," मुलगी म्हणाली.

म्हातारीने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मी पण तीच, अशा अर्थाने. मग तिने कोटाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, ऑक्टोबरात एवढा जाड कोट? थंडी वाजते का तुम्हाला?

मी बाबांना फोन लावला. भारतात संध्याकाळ होत होती. यंत्राचा आवाज मागे येत होता. मी कॅमेरा फिरवणार होते, पण मग नाही फिरवला. तोंडानेच सांगितलं: कडी आहे, उतार आहे, दार बंद केलंय. विटा आहेत.

"हात लावलास?" बाबांनी विचारलं.

मी विटांना हात लावला. खरखरीत आणि गरम, उन्हाने. "लावला."

"आत खुंटी असेल?"

"माहीत नाही, बाबा. आत जाता येत नाही."

"मग आण परत," बाबा म्हणाले. "रस्त्यावर ठेवू नकोस."

मुलगी तोपर्यंत त्या कडीपाशी उभी होती, कोट तिच्यावर अडकवून बघावा का, असं माझ्याकडे बघत. मी नको म्हणून मान हलवली. कडी बोटी बांधायची की गाढवं, देव जाणे, पण ती ती खुंटी नव्हती.

कोट आता आमच्या दारामागे आहे. मुलगी त्याला दर रविवारी ब्रश करते. मी सांगितलेलं नाही. परत आल्यावर मी वही उघडली. खूण खोडायला पांढरी शाई घेतली आणि खाली ठेवली. बोटीच्या लॉगबुकात चुकीची नोंद पुसत नाहीत. तिच्यावर एकच रेघ मारतात, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला सही करतात. मी रेघ मारली, सही केली आणि बाबांना फोन करून तसं सांगितलं.

"सही नीट केलीस ना? नुसती रेघ चालत नाही."

"केली."

"बरं." मग त्यांनी विचारलं, "शिनाणे खाल्लेस का? पातळ कालवण करतात ते. लिंबू वेगळं देतात."

बंदराच्या कडेला एक जागा मी आधीच शोधून ठेवली होती. यादीतही होती. सोमवारी दुपारी, विमानतळावर जायच्या आधी. सोमवारी ती बंद असते.

"नाही, बाबा," मी म्हटलं. "शेवटच्या दिवसासाठी ठेवलं होतं."

पलीकडून खोकला आला की हसू, यंत्राच्या आवाजात मला कळलं नाही.